गावच्या सैनिकांची नोंदवही : नाव, नंबर आणि पलटण कशी शोधायची, कशी जपायची

बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिकोडी या पट्ट्यात पलटणीशी नातं नसलेलं गाव हुडकूनच काढावं लागेल. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. चार-चार पिढ्या कॅम्पात भरतीला उभ्या राहिल्या, कसम परेड करून बाहेर पडल्या, पेन्शन घेऊन परत शेतात आल्या. तरी गावात जाऊन विचारा, जर्मनच्या लढाईला इथून कोण गेलं होतं? उत्तर येतं, “खालच्या गल्लीतला एकजण बसऱ्याला गेलेला म्हणे, परत आला नाही.” नाव काय त्याचं? “ते आज्जीला ठाऊक होतं.” आणि आज्जी वारून दहा वर्षं झालेली असतात.

ही नावं अजून सापडतात. गावातली चार-पाच माणसं मनावर घेतील तर वर्षभरात वही उभी राहते. फक्त पहिल्या दिवसापासून एक गोष्ट पाळायची : नाव एकटं लिहायचं नाही. नावासोबत नंबर (लष्करानं दिलेला सेवाक्रमांक) आणि पलटण लिहायचीच. एका गावात तीन मारुती पाटील असतात, रेकॉर्ड ऑफिसात त्या नावाचे शेकडो. नंबर मात्र एकाच माणसाचा असतो. नंबर आणि पलटण हाती आली की तो माणूस कुठं लढला, कुठं पडला, कुठल्या स्मारकावर त्याचं नाव आहे, इथपर्यंत पोचता येतं. ती नसली की फलकावर उरतं ते नुसतं अक्षर.

वहीत कुणाकुणाला घ्यायचं

माझं मत स्पष्ट आहे : सगळ्यांना. बहुतेक गावं फक्त शहीद जवानांची यादी करतात. त्यांना पहिलं पान द्यावंच. पण वीस-बावीस वर्षं सरहद्दीवर काढून सुखरूप घरी आलेला हवालदारही गावाचा सैनिक आहे, आणि त्याचं पान आज भरलं नाही तर नंतर ते कुणालाच भरता येणार नाही. पलटणीबरोबर गेलेले लांगरी (स्वयंपाकी), धोबी, न्हावी, मोची, खेचरवाले यांनाही घ्या. पहिल्या महायुद्धात अशी पुष्कळ माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, बसऱ्याच्या बाजूला गेली आणि तिथंच राहिली.

एकाच गल्लीतल्या, एकाच समाजातल्या घरांवर थांबू नका. आपल्याकडे लिंगायत, जैन, मुसलमान, ख्रिश्चन घरांतूनही जवान गेले. महार रेजिमेंटची पहिली बटालियन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावातच उभी राहिली, हे गावात फार थोड्यांना माहीत असतं. त्या वस्तीत जाऊन बसाल तर दुसऱ्या महायुद्धाची पदकं तिथंही निघतील. बीएसएफ, सीआरपीएफमधल्या जवानांसाठी वेगळी पानं ठेवा, कारण त्यांची कागदपत्रं वेगळ्या वाटेनं मिळतात. चार वर्षं करून आलेला अग्निवीरही घ्या.

सध्या नोकरीत असलेल्यांचं मात्र फक्त नाव आणि भरतीचं वर्ष लिहावं. तो आज कुठल्या पोस्टवर आहे ते वहीतही नको आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच नको.

पान कसं आखायचं

जाड पुठ्ठ्याचं, शिवलेलं रजिस्टर घ्या. सुटी पानं घेऊ नका, ती हरवतात. एका माणसाला एक पान. वरच्या बाजूला पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आणि त्याखाली लष्करी कागदावर इंग्रजीत जसं लिहिलंय तसंच्या तसं, अक्षरन् अक्षर. हे फार महत्त्वाचं. भरतीच्या वेळी कारकुनानं जे कानावर पडलं ते लिहिलं, कधी आडनाव गाळलं, कधी वडिलांचं नाव आडनाव म्हणून टाकलं. पुढचा सगळा शोध त्याच चुकीच्या स्पेलिंगवर चालतो.

मग नंबर, हुद्दा, पलटण, शक्य असेल तर कंपनी, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, कुठकुठं राहिला, पदकं, मृत्यू कधी आणि कुठं, वारस कोण. शेवटी एक रकाना ठेवा : “कशावरून”. तिथं लिहायचं, डिस्चार्ज बुकावरून, पदकाच्या कडेवरून, किंवा “नातवानं सांगितलं, कागद पाहिला नाही”. हा रकाना नसेल तर पाच वर्षांनी ऐकीव काय आणि पक्कं काय हे तुम्हालाच कळणार नाही.

घरातली ट्रंक

पलटणीच्या प्रत्येक घरात माळ्यावर किंवा कॉटखाली एक काळी किंवा हिरवी पत्र्याची ट्रंक असते, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. तो नंबर आधी उतरवून घ्या. कधीकधी तेवढाच पुरावा उरलेला असतो.

ट्रंकेत पहिल्यांदा बघायचं ते डिस्चार्ज बुक. नंबर, भरती, हुद्दे, पदकं, अंगावरच्या खुणा, वारस, सगळं त्यात मिळतं. ते नसेल तर पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद. दोन्ही नसेल तर पत्रं. पाकिटावर एपीओ, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा आकडा बघा. ‘५६ एपीओ’ असेल तर तो साधारण उत्तर-पश्चिमेकडं, ‘९९ एपीओ’ असेल तर पूर्वेकडं, आसाम-नागालँडच्या बाजूला. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात बहुतेक वेळा नंबर आणि पलटणही असते. मनीऑर्डरच्या पावत्यांच्या खालच्या तुकड्यावरचा मजकूरही वाचा, दोन ओळींत पुष्कळ सापडतं.

फोटो उलटा करून बघा, मागं स्टुडिओचा शिक्का आणि तारीख असते. टोपीवरचा बिल्ला आणि खांद्यावरची पट्टी भिंगातून बघा. मराठ्यांच्या बिल्ल्यावर बिगूल आहे, ढाल-तलवार आहे.

कागद घरी नेऊ नका. कितीही ओळख असली तरी नाहीच. तिथंच, दारात उजेडाला, पांढऱ्या कापडावर ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि त्यांच्यासमोर परत ट्रंकेत ठेवा. डिस्चार्ज बुक म्हणजे त्या घराची पेन्शन आहे.

बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्याआधीचे गावदप्तराचे कागद मराठीत आणि पुष्कळसे मोडीत आहेत. काही घरांना जंगी इनाम किंवा फौजी म्हणून जमीन मिळाली होती, तिची नोंद जुन्या उताऱ्यावर सापडते. मोडी वाचणारा माणूस तालुक्यात शोधून ठेवा. शाळेच्या जुन्या भिंतीवर, चावडीत, देवळाच्या ओवरीत संगमरवरी पाटीही बघा. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी अनेक गावांत अशा पाट्या बसवल्या, ‘या गावातून इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले’ एवढाच मजकूर. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावची पाटी प्रसिद्ध आहे : ४६ गेले, ६ पडले. नावं नाहीत. तुमच्या गावात अशी पाटी चुन्याखाली दडलेली असेल तर तो आकडा हाच तुमच्या शोधाचा पाया, तेवढी माणसं भरेपर्यंत थांबायचं नाही.

पदकं वाचायला शिका

इथं वेळ द्या. कागद वाळवीनं खाल्लेले असतात, पण पदक उरतं.

सगळ्यात आधी घरच्यांना हात जोडून सांगा, पदक चिंचेनं, राखेनं, ब्रासोनं घासू नका. चांदी चमकते, पण कडेवरची अक्षरं झिजतात, आणि नेमकी तीच आपल्याला हवी असतात. पदक दोन बोटांत कडेवर उभं धरा, मोबाइलची बॅटरी एका बाजूनं तिरपी पाडा आणि हळूहळू फिरवा. समोरून उजेड पाडला तर काही दिसत नाही, तिरपा पाडला की अक्षरांची सावली उभी राहते : नंबर, हुद्दा, नाव, पलटण. भिंगातून वाचून एकानं सांगावं, दुसऱ्यानं लिहावं, मग अदलाबदल करून परत ताडून बघावं. तीन आणि आठ, एक आणि सात यांत फार गफलत होते.

घरात सगळे ‘जर्मनची लढाई’ एवढंच म्हणतात. पहिलं महायुद्ध की दुसरं, हे पदकावरच्या राजाच्या चेहऱ्यावरून लगेच कळतं. दाढीवाला राजा म्हणजे पाचवा जॉर्ज, पहिलं महायुद्ध. दाढी नसलेला, मुकुट घातलेला म्हणजे सहावा जॉर्ज, दुसरं. पहिल्या युद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर नाव असतं, त्याबरोबर पंखवाल्या विजयदेवीचं पितळी रंगाचं पदक असतं, आणि १९१४-१५ चा तारा असेल तर नाव त्याच्या पाठीवर असतं. दुसऱ्या युद्धाचे तारे नावाशिवायही सापडतात, पण कुठल्या आघाडीवर ते सांगतात : आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार.

एखाद्या घरात काशाची गोल, जड चकती निघते, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची, त्यावर उभी बाई आणि सिंह. पहिल्या महायुद्धात मेलेल्याच्या वारसाला ती मिळायची. चौकटीत नाव उठावाच्या अक्षरांत असतं. हुद्दा नसतो, मुद्दामच, मरणात सगळे सारखे म्हणून. ही चकती सापडली तर तो माणूस त्या युद्धापायी वारला हे नक्की.

स्वातंत्र्यानंतरच्या पदकांवर नंबर आणि नाव कडेवर किंवा पाठीमागं असतं. १९६५ चं रक्षा मेडल तेव्हा नोकरीत असलेल्या पुष्कळांना मिळालं, पण समर सेवा स्टार प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांना. १९७१ मध्ये पूर्वी स्टार म्हणजे बांगलादेशाची बाजू, पश्चिमी स्टार म्हणजे पंजाब-राजस्थान-काश्मीरची, आणि संग्राम मेडल सरसकट. कारगिलच्या वेळचं ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल यांतही असाच फरक आहे. विदेश सेवा मेडल असेल तर पट्टीवर देशाचं नाव बघा.

पलटणींची वंशावळ

पहिल्या महायुद्धाच्या पदकावर ‘११०’ किंवा ‘११७’ आकडा दिसला की लोक गोंधळतात, कारण आज अशी पलटण नाही. १९२२ च्या फेररचनेत जुने आकडे गेले आणि पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही एक रेजिमेंट झाली. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

१०३ वी झाली पहिली बटालियन, हीच जंगी पलटण, १७६८ साली उभी राहिलेली. १०५ वी झाली दुसरी, काळी पांचवी. ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी रॉयल, आणि ११४ वी दहावी म्हणजे ट्रेनिंग बटालियन, बेळगावच्या सेंटरचं मूळ. दुसऱ्या महायुद्धाच्या कागदावर १/५, ३/५ असं लिहिलेलं असतं, ते पहिली बटालियन पाचवी मराठा, तिसरी बटालियन पाचवी मराठा असं वाचायचं.

आता आज्जीच्या गोष्टी जागेवर बसायला लागतात. “बसऱ्याला गेला, उपाशी मेला” असं घरात सांगत असतील आणि पदकावर १०३, ११० किंवा ११७ असेल, तर तो बहुतेक कुट-अल-अमाराच्या वेढ्यात होता. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ ही फौज तिथं अडकली, धान्य संपलं, शेवटी शरणागती पत्करावी लागली आणि कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. वाटेत आणि कैदेत फार माणसं गेली. मृत्यूची तारीख एप्रिल १९१६ नंतरची असेल तर कैदेत गेल्याची शक्यता धरून शोधा.

दुसऱ्या युद्धात ३/५ इरिट्रियात केरनला आणि मग इटलीत लढली. २/५ जून १९४२ मध्ये लिबियात टोब्रुकला कैद झाली, म्हणून ‘आज्जा कैदेत होता’ म्हणणारी घरं असली तर ही पलटण आधी तपासा. ४/५ ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरात सांगशाकला होती. इटलीत ३/५ चे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि १/५ चे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या कामगिरीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तुमच्या गावचा माणूस त्या पलटणीत त्याच महिन्यात असेल तर तो त्याच डोंगरात, त्याच नदीकाठी होता. पोरांना हे सांगा, ती ताठ बसून ऐकतात.

एक फाटा ध्यानात ठेवा. तिसरी मराठा पुढं छत्रीधारी झाली आणि २ पॅरा (मराठा) म्हणून ओळखली गेली, आज ती २ पॅरा (स्पेशल फोर्सेस) आहे. ११ डिसेंबर १९७१ ला आजच्या बांगलादेशात टांगाईलला छत्रीनं उतरली ती हीच. त्याच दिवसांत जंगी पलटण जमालपूरला लढत होती. टांगाईलला उतरलेल्या म्हाताऱ्याची कागदपत्रं म्हणून बेळगावात सापडत नाहीत, ती पॅराच्या रेकॉर्डला, बंगळुरात.

रेकॉर्ड ऑफिसला पत्र

ज्या रेजिमेंटचा माणूस, त्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस. मराठा एलआयचं बेळगावात. महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी इंजिनिअर) खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (लष्कराची यंत्रदुरुस्ती शाखा) सिकंदराबादला, रणगाडे आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, मेडिकलचं लखनौला. सगळ्यांची पत्रं बेळगावला पाठवून लोक सहा-सहा महिने उत्तराची वाट बघतात, ते टाळा.

पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत, एका माणसाचं एक पत्र. वर ‘ऑफिसर इन चार्ज, रेकॉर्ड्स’. खाली नंबर, हुद्दा, कागदावरच्या स्पेलिंगमधलं नाव, पलटण, वडिलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा जुन्या लिहिण्याप्रमाणं, भरतीचं अंदाजे वर्ष. मग नेमकं काय हवं ते : नोकरीचा तपशील, पदकं, मृत्यूची तारीख आणि ठिकाण. “सगळी माहिती द्यावी” असं लिहू नका. सही वारसाची हवी, गावच्या समितीची नको. खासगी माहिती घरच्यांनाच देतात आणि ते योग्यच आहे. सोबत नात्याचा पुरावा आणि पदकाच्या किंवा डिस्चार्ज बुकाच्या फोटोची प्रत जोडा, रजिस्टर पोस्टानं पाठवा, पावती वहीच्या त्या पानाला चिकटवा.

पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायाची स्वतंत्र फाइल क्वचितच मिळते. तिथं पदक, चकती आणि स्मारकाची यादी हेच खरे आधार.

जिल्ह्याच्या सैनिक कल्याण आणि पुनर्वसती कार्यालयातही जा. चंदगड, गडहिंग्लजकडची मंडळी कँटीनला बेळगावात येत असली तरी त्यांचं सैनिक कल्याण कार्यालय कोल्हापूरचं, हे लक्षात ठेवा. या फेरीत बऱ्याचदा वेगळंच एक काम निघतं : एखाद्या विधवेचं नाव पेन्शनच्या कागदावर नाही, किंवा आधारवर वेगळं आहे. लग्नाची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या घरच्या बदलांची लष्करी नोंद) झालेली नसते आणि नवरा गेल्यावर ती बाई दारोदार फिरत असते. वही बाजूला ठेवून आधी ते काम धरा. स्पर्श या पेन्शनच्या सरकारी संकेतस्थळावरचा हयातीचा दाखला राहिला असेल तर तोही त्याच दिवशी करून द्या.

परदेशात पडलेल्यांचा शोध

दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोधता येते. पहिल्या युद्धासाठी त्यांची मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. युद्ध संपल्यावर वर्षभरानं दवाखान्यात गेलेलाही यात येऊ शकतो.

शोधताना रेजिमेंटचं नाव जुन्या स्पेलिंगनं टाका : एम, ए, मग एक जास्तीचा एच, आर, ए, दोन टी, ए. जिल्हा आजच्या स्पेलिंगनं न टाकता जुन्या ‘बेलगाम’च्या स्पेलिंगनं. नाव सापडत नसेल तर फक्त नंबर आणि रेजिमेंट टाकून बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींत कित्येकदा आईवडिलांचं, बायकोचं आणि गावाचं नावही असतं, त्यामुळं नुसतं गावाचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगनी टाकून पाहिलं तरी अनपेक्षित माणूस सापडतो.

आपल्या हिंदू जवानांचं दहन झालं, म्हणून कबर शोधू नका, स्मारकावरचं नाव शोधा. इटलीत सांग्रो नदीच्या दफनभूमीत दहन झालेल्या पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांचं स्वतंत्र स्मारक आहे. ज्यांचा देह सापडला नाही त्यांची नावं कॅसिनोला, यशवंत घाडगे यांचं नावही तिथंच. ब्रह्मदेशातल्यांची तौक्यानच्या रंगून स्मारकावर, वायव्य सरहद्दीवरच्या बऱ्याच जणांची दिल्लीच्या इंडिया गेटवर.

आणि मेसोपोटेमियातल्यांचं बसरा स्मारक. ४० हजारांवर माणसांचं हे स्मारक, पण हिंदी शिपायांची नावं त्या दगडावर कोरलीच नाहीत. इंग्रज सैनिकांची नावं, हिंदी अधिकाऱ्यांची नावं, आणि आपल्या शिपायांचा रेजिमेंटवार नुसता आकडा. १९९७ मध्ये ते स्मारक बसऱ्यातून हलवून नासिरियाजवळ वाळवंटात नेलं. कमिशननं २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली. खानापूरच्या, बेळगावच्या खेड्यातून गेलेल्या त्या माणसाचं नाव दगडावर पहिल्यांदा कोरलं जाईल ते त्याच्याच गावात, तुमच्या फलकावर. या कामाची मला ओढ आहे ती मुख्यतः यासाठी.

स्वातंत्र्यानंतर शहीद झालेल्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात आहेत, २५ फेब्रुवारी २०१९ रोजी ते उघडलं. आपल्या गावचं नाव तिथं आहे का, स्पेलिंग बरोबर आहे का, हे ताडून बघा आणि चूक असेल तर घरच्यांकडून रेकॉर्ड ऑफिसला कळवा.

म्हाताऱ्या जवानांशी बोलताना

१९७१ ला लढलेला जवान आज सत्तरीच्या पुढं आहे. हे काम बाकी सगळ्याच्या आधी करा, दगड आणि कागद थांबतील.

सकाळी जा, जेवणाच्या आधी. हुद्द्यानं हाक मारा, “सुभेदारसाहेब, रामराम”. “युद्धात काय झालं सांगा” असं एकदम विचारलं तर दोन वाक्यांत उत्तर संपतं. “भरतीला कॅम्पात चालत गेला की गाडीनं? बरोबर गावचं कोण होतं? उस्ताद कोण होते? पहिली पोस्टिंग? कंपनी कुठली, अल्फा की चार्ली? बडाखान्याला (पलटणीच्या सामूहिक जेवणाला) काय असायचं?” असं हळूहळू चढत जा. आठवण पायरीपायरीनं येते. मधेच गप्प बसले तर तुम्हीही गप्प बसा, लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. जोडीदार पडल्याची गोष्ट सांगताना आवाज थांबला तर रेकॉर्डिंग बंद करून विचारा, पुढं चालू करू का? नको म्हणाले तर तो विषय तिथंच सोडा.

आजीलाही विचारा. तार आली तेव्हा कोण घरी होतं, पगार किती दिवसांनी यायचा, सुट्टीत आल्यावर कुठलं काम आधी करायचे. पलटणीच्या बायकांनी घर आणि शेत एकटीनं ओढलं, त्यांच्या पानाशिवाय वही अपुरीच राहते.

फलक उभा करताना

ग्रामपंचायतीचा ठराव आधी, दगड नंतर. जागा पंचायतीची, शाळेची की देवस्थानाची हे पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकारी) लेखी घ्या. काळा ग्रॅनाइट, खोल कोरलेली अक्षरं. रंगानं लिहिलेली नावं दोन पावसाळ्यांत जातात, आणि खानापूरकडचा पाऊस तर सांगायलाच नको. मजकूर कन्नड आणि मराठी दोन्हीत ठेवा. गाव दोन्ही भाषा बोलतं, आणि जवान सगळ्या गावाचा.

नावं हुद्द्यानुसार लावू नका, मृत्यूच्या तारखेनुसार लावा. प्रत्येक नावापुढं नंबर, पलटण, ठिकाण, वर्ष. कोरण्याआधी कागदावर मोठ्या अक्षरांत यादी काढून पंधरा दिवस पंचायतीच्या भिंतीवर लावा. चुका तिथंच निघतात, आणि “आमच्या चुलत्याचं नाव राहिलं” म्हणत कुणीतरी येतंच. खाली जागा मोकळी सोडा. देणगीदारांची नावं या दगडावर अजिबात नकोत, हवी तर वेगळी पाटी करा.

दिवस पाळताना

१६ डिसेंबर (१९७१ चा विजय दिवस), २६ जुलै (कारगिल विजय दिवस) हे सगळीकडे होतात. आपल्या भागात ४ फेब्रुवारी पाळावा. १६७० मध्ये त्या दिवशी तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला आणि मराठा लाइट इन्फंट्री तो रेजिमेंटचा दिवस मानते. १४ जानेवारी माजी सैनिकांचा. त्याशिवाय गावच्या जवानाच्या शहीद होण्याची तारीख, ती कुठलंही सरकार तुमच्यासाठी पाळणार नाही.

सेंटरमधून प्रतिनिधी किंवा बिगुलर हवा असेल तर कमांडंटना महिना-दोन महिने आधी लेखी विनंती करा. मिळाला नाही तर गावात बँडमधून पेन्शन आलेला माणूस असतो, तोच लास्ट पोस्ट (मानवंदनेची बिगुलधून) वाजवेल. क्रम साधा ठेवा : नावांचं वाचन, सावकाश, नंबर आणि पलटणीसह. मग वीरमाता-वीरपत्नींच्या हस्ते पहिलं पुष्पचक्र, पुढाऱ्यांचं त्यानंतर. लास्ट पोस्ट, दोन मिनिटं स्तब्धता, राऊज (स्तब्धतेनंतरची बिगुलधून). आणि शेवटी कुणीतरी म्हातारा हवालदार पुढं येऊन ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ची आरोळी देतोच, त्याला आवरू नका. भाषण एकच आणि पाच मिनिटांचं. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या घरच्यांना.

फलकाच्या अनावरणाला तिरंगा पांघरू नका, ध्वजसंहितेला ते मंजूर नाही. साधं पांढरं किंवा हिरवं कापड घ्या, झेंडा शेजारी काठीवर फडकू द्या. सरकारी आदेश नसताना तो अर्ध्यावरही उतरवायचा नाही.

प्रती आणि पुढची नोंद

वही पुरी झाली असं कधी होत नाही, पण पहिली फेरी संपली की तिच्या प्रती काढा. मूळ रजिस्टर पंचायतीच्या कपाटात, एक झेरॉक्स गावच्या शाळेत, एक माजी सैनिक संघटनेकडे, एक तालुक्याच्या वाचनालयात, आणि प्रत्येक घराला त्याच्या माणसाचं पान. फोटो आणि रेकॉर्डिंग दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर, दोन वेगवेगळ्या घरांत. पत्ते, खातेक्रमांक, आधार असलेली पानं मात्र फक्त मुळात ठेवा, प्रतींतून झाकून काढा.

दर वर्षी ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी, वही उघडायची. वर्षभरात कोण भरती झालं, कोण पेन्शन आलं, कोण वारलं ते लिहायचं, रेकॉर्ड ऑफिसची आलेली उत्तरं चिकटवायची आणि ज्या पानावर ‘कशावरून’च्या रकान्यात अजून ‘ऐकीव’ लिहिलंय त्यांची यादी पुढच्या वर्षासाठी काढायची. हे काम दहावी-बारावीच्या पोरापोरींवर सोपवा, एक माजी सैनिक आणि एक शिक्षक त्यांच्यासोबत द्या.